प्रभातचा ‘रामशास्त्री’ : एका बोलपटाचे साधनदृष्ट्या परीक्षण

इतिहाससाधनांच्या त्रैमासिकात बोलपटाचे परीक्षण कशाला, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. आम्हांसही ती प्रथम आली होती. परंतु पाटण, कराड, वाई या बाजूस जुने रुमाल पाहण्यास बसले असता एक गोष्ट वारंवार अनुभवास येते. रामशास्त्री प्रभुणे यांचा विषय निघाला की घरची मंडळी जे सांगू लागतात ते बखरीतले नसते व दफ्तरातलेही नसते. ते पडद्यावरचे असते. शास्त्रीबोवा म्हटले की गजानन जागीरदार यांची मुद्रा, आनंदीबाई म्हटले की ललिता पवार यांची नजर, आणि शनिवारवाडा म्हटला की प्रभातच्या चित्रशाळेत उभारलेले चौक. जे साधन लोकांच्या मनातील इतिहास इतका घडविते, त्याची छाननी न करणे हा संशोधकाचा सोवळेपणा नव्हे, आळस होय. यास्तव पोथीची जशी बाह्यांग व अंतरंग अशी दोन परीक्षणे करतात, तशीच या बोलपटाची करण्याचे आम्ही योजिले आहे.

(१) बाह्यांग

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरास निघाली व १९३३ साली पुण्यास आली. ‘रामशास्त्री’ तिने १९४४ साली काढला. व्ही. शांताराम त्यापूर्वीच, १९४२ साली, कंपनी सोडून गेले होते. प्रस्तुत बोलपटाची कथा शिवराम वाशीकर यांची. दिग्दर्शनास मात्र जागीरदार, विश्राम बेडेकर व राजा नेने असे तिघांचे हात लागले आहेत. एकाच पोथीत तीन लेखकांची हस्ताक्षरे आढळावीत तसा हा प्रकार आहे. ज्यांनी अशा पोथ्या हाताळल्या आहेत त्यांस बाळपण, दरबार व न्यायनिर्णय या तीन भागांच्या चालीतील फरक लक्षात येण्यास अडचण पडणार नाही. बाळपणाचा भाग हळुवार व गाण्यांत रमणारा. दरबाराचा भाग संवादप्रधान. शेवटचा भाग कोरडा, कठोर व सरळ. आमच्या मते शेवटचा भाग सर्वांत श्रेष्ठ होय.

दुसरी नोंद पाठभेदाची. हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन शाखा झाल्या. पुष्कळ लेखक एकीवरून वाचतात व दुसरीविषयी लिहितात. आमचे परीक्षण मराठी प्रतीवरून आहे, हे येथे नमूद करून ठेवतो.

(२) पुणे

पेशव्यांच्या पुण्याची कथा पुण्यातच चित्रित व्हावी हा योग विरळा. चित्रशाळेपासून शनिवारवाडा अवघ्या दोन-तीन मैलांवर. परंतु या जवळिकीचा उपयोग किती? वाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला, वास्तुशांत १७३२ त झाली, आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्म झाल्या. उरले ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना, जोती आणि कारंजी. ज्या दालनांत नारायणरावांचा वध झाला ती पाहण्याची सोय १९४४ त नव्हती व आजही नाही. तेव्हा चित्रपटकर्त्यांनी पुण्यात बसून पुणे पुन्हा उभे केले, असेच म्हटले पाहिजे.

हे काम त्यांनी अजाणतेपणी केले नाही. प्रभातच्या कलाविभागाची परंपरा फत्तेलाल यांनी घालून दिलेली; बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेल्या त्या कलावंतास लाकूडकामाची व पोशाखाची नजर होती. साधनेही हाताशी होती. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली डेक्कन कॉलेजात आला होता. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यातच होते. आणि पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे रा. सरदेसाई यांनी संपादिलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापून झाले होते. पगड्या, बैठकी, लोड-तक्के, दिवे व माजघरे यांत म्हणूनच फारसे खटकत नाही. खटकते ते निराळेच. प्रभातचे पुणे जवळजवळ केवळ वाडा आणि शास्त्रीमंडळी यांचे पुणे आहे. पेठा, बाजार, कोतवाली चावडी, गारद्यांची वस्ती, पथके, उंटवाले, सावकारांच्या कोठ्या यांनी गजबजलेले शहर पडद्यामागेच राहते. ज्या शहरात पगाराच्या थकबाकीवरून गारदी गडबड करू शकत, ते शहर दिसल्याखेरीज वधाचा प्रसंग पुरता समजत नाही.

तुलनेसाठी दोन नंतरचे चित्रपट घेऊ. तेंडुलकरांच्या नाटकावरून १९७६ साली निघालेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने पुण्याचे राजकारण सोंगाच्या रीतीने मांडले, तेथे वास्तूच्या खरेपणाचा दावाच नाही. नचिकेत व जयू पटवर्धन या वास्तुशास्त्रज्ञ दांपत्याने १९७९ साली ‘२२ जून १८९७’ काढला. त्यांत गल्ली, ओटा, खोली यांसच अर्थ आला. ‘रामशास्त्री’ या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो वास्तूचा खरेपणा मागतो, शहराचा मात्र मागत नाही.

(३) माहुली

शास्त्रीबोवा आमच्या जिल्ह्याचे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली हे त्यांचे गाव. साताऱ्यास अनगळ सावकाराकडे शागिर्दी करीत असता धन्याच्या पाहुण्याच्या कानातील मोत्यांकडे पाहत राहिल्यामुळे बोलणी खावी लागली, ती जिव्हारी लागून ते काशीस गेले व बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशी शिकले, ही परंपरा इकडे घरोघर माहीत आहे. बोलपटाने या परंपरेचा गाभा, म्हणजे अपमान व त्यातून विद्येची ओढ, घेतला आणि त्याभोवती बालविवाहाची कोवळी कथा गुंफली. अनंत मराठे व बेबी शकुंतला यांनी ती रंगविली असून शांताराम आठवले यांचे त्यातील गीत आजही लोकांच्या तोंडी आहे. हा भाग कल्पित असला तरी आम्ही त्यास दोष देत नाही. ज्या काळाविषयी कागद मुके आहेत तेथे कवीने बोलावे. कागद बोलू लागले की त्याने ऐकावे. १७५१ साली शास्त्रीबोवा पुण्यास दरबारी शास्त्री झाले व १७५९ साली मुख्य न्यायाधीशपदी आले. येथून पुढे कागद बोलतात, आणि येथून पुढेच आमचे आक्षेप सुरू होतात.

(४) ‘ध’चा ‘मा’

शके १६९५ भाद्रपद शुद्ध १३, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३, या दिवशी शनिवारवाड्यात नारायणरावांचा वध झाला. रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही कथा म्हणीच्या रूपाने अमर झाली आहे. बोलपटाने तिचा पुरेपूर उपयोग केला. ललिता पवार यांच्या अभिनयाविषयी बोलावयाचे तर तो उत्तम आहे. आणि उत्तम आहे म्हणूनच घातक आहे.

या कथेचे वय काय? साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे वधानंतर ५३ वर्षांनी. शास्त्रीबोवांनी मूळ कागद गारद्यांकडून मिळविला व त्यात फेरफार दिसला, असे तो सांगतो. फेरफार आनंदीबाईंनी केला, हे मात्र तो सर्वसाधारण समज म्हणूनच नोंदवितो. समजाचा पुरावा होत नाही. ती चिठी आज उपलब्ध नाही.

ज्यांचा मोडीशी नित्य संबंध आहे त्यांनी लिपीच्या अंगानेही विचार करावा. ही म्हण कानास बाळबोधीसारखी सोपी वाटते: एक अक्षर खोडावे, दुसरे लिहावे. परंतु चालत्या मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. ओळ आधी आखलेली, अक्षरास अक्षर लागलेले. तेथे ‘ध’ घालवून ‘म’ काढावा आणि शिवाय कान्यास जागा करावी, तर खरवडल्याची खूण किंवा शाईचा डाग राहणार. हे अशक्य आहे असे आमचे म्हणणे नाही. बनावट कागद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. परंतु डोळ्याआड होईल असा हा बदल नव्हे. बोलपटात तो लेखणीच्या एका फटकाऱ्याइतका सहज वाटतो, आणि प्रेक्षक तीच प्रतिमा घेऊन घरी जातो.

याहून मोठा आक्षेप तर्काचा आहे. अक्षर बदलले ते दुसऱ्याने, असे मानले तर त्याचा लाभ कोणास? रघुनाथरावांस. खुनाचा दोष पत्नीकडे जातो व त्यांच्याकडे केवळ कैदेचा हुकूम उरतो. मग न्यायाधीशाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते कशासाठी? ‘ध’चा ‘मा’ खरा मानावा तर निर्णय अति कठोर ठरतो. निर्णय न्याय्य मानावा तर ती कथा अपुरी ठरते. चित्रपटकर्त्यांस दोन्ही हवी होती, कारण दोन्ही प्रसंग नाट्यपूर्ण आहेत. आमच्या मते याची तोड निघू शकते. स्वतः नजरकैदेत असताना गारद्यांस फूस देऊन गादीवरील पेशव्यास धरविणे, तेही भर वाड्यात शस्त्रे चालवून, याचा परिणाम काय होईल हे जाणत्या माणसास कळलेच पाहिजे होते. तेव्हा अक्षर कोणाचेही असो, जबाबदारी हुकूम देणाराची. एखाद्या संवादात एवढे आले असते तर शास्त्रीबोवांची न्यायबुद्धी अधिक उजळली असती, आणि एका स्त्रीच्या माथी सगळे खापर फोडण्याची गरज उरली नसती.

(५) वाई व त्यानंतर

रघुनाथरावांच्या तोंडावर निर्णय सांगून शास्त्रीबोवा पुण्यातून निघतात, हा बोलपटाचा कळस. जागीरदार यांनी येथे आवाज चढविला नाही, हात उगारले नाहीत. ज्याला निर्णय ठाऊक आहे त्याला ओरडावे लागत नाही, हे त्यांनी जाणले. मराठी बोलपटांत न्यायाचे इतके संयमित चित्र आम्ही दुसरे पाहिले नाही.

परंतु प्रेक्षकाची समजूत अशी होते की चरित्र येथे संपले. ग्रँट डफनेही तसेच लिहून ठेवले आहे: वाईजवळच्या एकांत खेड्यात उरलेले आयुष्य गेले. हे बरोबर नाही. त्याच ग्रंथकाराने शास्त्रीबोवांच्या प्रतिज्ञेचा जो आशय दिला आहे, त्यात ‘रघुनाथरावांचा कारभार चालू आहे तोवर’ अशी मर्यादा स्पष्ट आहे. बारभाईंनी तो कारभार मोडला. १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. आणि शास्त्रीबोवा पुढे न्यायासनावर परत आले, ते १७८९ साली मृत्यू येईपर्यंत. प्रतिज्ञा शब्दशः पाळून ते परतले, यातच त्यांची थोरवी आहे. पाठ फिरवून जाणारा साधू आणि अट पुरी होताच कामावर रुजू होणारा न्यायाधीश, या दोहोंत दुसरा अधिक दुर्मिळ होय. बोलपटाने पहिला दाखविला.

(६) १९४४ चे वर्ष

तथापि ज्या वर्षी हे चित्र निघाले ते विसरून चालणार नाही. १९४२ त पाटण, कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. पुढे नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे याच खोऱ्यांतून गावचे तंटे मिटवू लागली. सरकारी न्यायालयावरचा विश्वास उडालेला, आणि गावोगाव नव्या न्यायाचा प्रयोग चाललेला, अशा वेळी माहुलीचा एक ब्राह्मण राज्याच्या धन्यास ‘तू गुन्हेगार आहेस’ असे पडद्यावर सांगतो, याचा अर्थ आमच्या जिल्ह्यातील प्रेक्षकास समजावून द्यावा लागला नसेल. त्या दृष्टीने ‘रामशास्त्री’ हे १७७३ चे दुय्यम साधन आणि १९४४ चे अव्वल साधन आहे. हा आमचा मुख्य निष्कर्ष होय.

(७) जतन

ज्याअर्थी अव्वल साधन, त्याअर्थी त्याचे जतन आले. प्रभातची जागा १९६० पासून चित्रपटशिक्षणाच्या संस्थेकडे आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यासच स्थापन झाले. तरी २००३ च्या जानेवारीत त्याच जागेतील साठ्यास आग लागून जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा नष्ट झाला. ही फीत स्वभावतःच ज्वालाग्राही. वाळवी कागद वर्षानुवर्षे खाते, ही तासाभरात जाते. शनिवारवाडा १८२८ त जळाला व त्याची चित्रे २००३ त धोक्यात आली, हे पुण्याचे दुर्दैव म्हणावे काय?

आमची संग्राहकांस विनंती एवढीच आहे. कराड, पाटण, मिरज, सांगली येथील घरांत पोथ्यांच्या रुमालातच बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती व चित्रे गुंडाळलेली सापडतात. ती रद्दी समजून टाकू नयेत. सन, कंपनी, भाषा व कोणत्या घरी मिळाले, एवढे चार रकाने लिहून ठेवावेत. आजपासून शंभर वर्षांनी शास्त्रीबोवांविषयी महाराष्ट्राने काय मानले हे पाहू इच्छिणारास दफ्तरातील कागद जितके लागतील, तितकीच ही चिटोरी लागणार आहेत.