कूस आणि बीज : पुरुषवंध्यत्वाच्या जनुकीय निदानाचा भाषिक विचार

गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या डोंगरी तालुक्यांतून व अन्यत्र जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लक्षाच्या वर आहे. त्यांत अपत्यहीनतेचे दुःख येते ते स्त्रीचे दुःख म्हणून. याचे एक कारण भाषेतच सापडते. ‘वांझ’ हे विशेषण स्त्रीला, गाईला, झाडाला लागते. पुरुषाला लागत नाही. ‘षंढ’, ‘नपुंसक’ हे शब्द संभोगक्षमतेविषयी बोलतात, प्रजननक्षमतेविषयी नव्हे. ‘निपुत्रिक’ केवळ परिस्थिती सांगतो, कारण सांगत नाही. सर्व प्रकारे धडधाकट अशा पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतूच नसावेत, या अवस्थेला बोलीत नाव नाही. कूस उजवायची ती स्त्रीचीच.

बीज-क्षेत्राचे जुने रूपक तर विलक्षण विसंगत आहे. बीज श्रेष्ठ, क्षेत्र गौण, असे ते सांगते. मात्र पीक न आल्यास बोल क्षेत्राला! वेल्ह्याच्या भातशेतीत असे चालत नाही. पेरणीपूर्वी बियाणे शेकडा ३ मिठाच्या पाण्यात टाकावे व तरंगणारे पोकळ बी काढून टाकावे, ही रीत तेथे परिचित आहे. जमिनीआधी बी पारखण्याचा हा न्याय घराच्या उंबरठ्याशी थांबतो.

वीर्यतपासणी ही अशीच पहिली पारख होय. तथापि तिच्या आकड्यांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे. पण ज्यांना वर्षभरात अपत्यसंभव झाला अशा पुरुषांपैकीही शेकडा ५ या मर्यादेखाली होते. ती सुपीक व नापीक यांमधील बांधाची रेघ नव्हे.

‘शुक्रजंतूंची जनुकीय तपासणी’ हा शब्दप्रयोगही सैल आहे. गुणसूत्रांची मांडणी किंवा वाय गुणसूत्राचा गळालेला तुकडा पाहावयाचा तर बहुधा रक्त घेतले जाते. प्रत्यक्ष शुक्रजंतूंवर होणारी डीएनए-विखंडनाची तपासणी धाग्यातील तुटी मोजते, जनुकांचा मजकूर वाचत नाही; उपर्युक्त पुस्तिकेने तिला नित्य तपासणीत स्थान दिलेले नाही. जनुकाला ‘सटवाईचा लेख’ म्हणण्याची हौस लेखकांना असते, पण ती आवरावी हे बरे. सटवाई सगळे आयुष्य लिहिते. येथे फार तर एक ओळ गाळलेली दिसते.

त्या गाळलेल्या ओळीचे मोल मात्र मोठे आहे. १९७६ मध्ये तिएपोलो व झुफार्दी यांनी वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर शुक्रजननास आवश्यक घटक असल्याचे सुचविले. पुढे तेथे अ, ब, क असे तीन विभाग मानण्यात आले. अ किंवा ब संपूर्ण गळाला असेल तर वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्रजंतू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. क गळाला असेल तर सुमारे निम्म्या पुरुषांत ते मिळतात. निष्फळ शस्त्रक्रिया व तिच्यासाठी गहाण पडणारे शेत, दोन्ही या निदानाने टळू शकतात.

खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू सुईने सोडण्याची पद्धत १९९२ पासून रूढ झाली. क विभाग नसलेल्या पुरुषाला तीमुळे पिता होता येते. परंतु वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. ज्याला घरोघरी ‘वंशाचा दिवा’ म्हणतात, त्याच्या हाती पित्याची उणीवही येते. उपचारापूर्वी हे दांपत्याला सांगणे आवश्यक असते. आणि ते सांगताना ‘वंश’ हा शब्द मराठीत टाळता येत नाही, ही सांगणाऱ्याची अडचण आहे. ज्या शब्दाच्या आधारे सुनेला वांझ ठरविले, त्याच शब्दाने आता मुलाच्या अंगची उणीव समजावून द्यावयाची असते. कन्या झाली तर तिच्याकडे हे गुणसूत्र जातच नाही.