सीमेवरचा ल

फलकावरील मजकूर सर्वजण वाचतात. फलकावरचे अक्षर फारच थोडे लोक पाहतात. बेळगाव-निपाणी भागात तर अक्षराकडे पाहण्याची दृष्टीच मोजमापाची होऊन बसली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि कोणती लिपी वर, कोणती खाली, हा प्रश्न दुकानांच्या कपाळी आला. २०२४ च्या कायद्याने कर्नाटकातील व्यापारी फलकांवर कन्नडचा वाटा साठ टक्के ठरविला. उरलेल्या चाळीस टक्क्यांचा वाद महत्त्वाचा खराच. परंतु त्या चाळीस टक्क्यांत आपण जे अक्षर लिहितो ते कोणाचे, हा प्रश्नही कोणी तरी विचारावयास हवा.

'वाचनालय' हा साधा शब्द घ्या. पेंटर कुंचल्याने फलक रंगवीत असे तेव्हा त्यातील ल उभ्या दंडावाचून, दोन पाकळ्यांनी उमलत असे. श लाही मराठी हाताचे निराळे वळण असे. आज त्याच शब्दाचा फ्लेक्स छापून येतो तेव्हा ल च्या पाठीशी हिंदी वळणाचा दंड उभा असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वळणाच्या ल आणि श यांना मान्यता दिली. तथापि शासननिर्णय फ्लेक्सच्या यंत्रापर्यंत पोचलेला दिसत नाही.

यात यंत्राचा दोष थोडा आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत दोन्ही वळणांच्या ल ला क्रमांक एकच. चांगल्या टंकात, म्हणजे ज्याला आपण फाँट म्हणतो त्यात, दोन्ही रूपे साठविलेली असतात; मात्र मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकास सांगितले नाही, तर तो बहुधा हिंदी रूपच पुढे करतो. ही भाषा मराठी आहे, असे सीमाभागाने आयोगांस सांगितले, सरकारांस सांगितले, न्यायालयास सांगितले; संगणकास तेवढे सांगावयाचे राहून गेले! आणि ऐकणारा असा तो एकटाच आहे.

अक्षररचनेचा विचार मोजपट्टीपलीकडे नेणारे एक उदाहरण मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने घालून दिले आहे. त्यांचा 'बलू' हा टंक अनेक भारतीय लिप्यांत आहे आणि प्रत्येक लिपीतील भावंडाचे नाव त्या त्या भाषेतील नात्यावरून ठेवले आहे. गुजरातीचा तो 'भाई', बंगालीचा 'दा', मल्याळमचा 'चेट्टन'. आणि कन्नडचा 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. नावे विनोदी आहेत, पण विनोदामागे विचार आहे. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, कन्नड स्वभावतःच गोलाकार. दोघींना एका फलकावर बसविताना पुष्कळदा एकीचा बळी जातो. बलूने देवनागरीला कन्नडसारखे वळविले नाही की कन्नडवर शिरोरेषा लादली नाही. दोघींना रेघेचा जाडपणा आणि कोपऱ्यांचा मऊपणा मात्र सारखा दिला. म्हणून त्या बहिणी वाटतात, जुळ्या वाटत नाहीत. या टंकाला मर्यादाही आहे. त्याचा गुबगुबीतपणा मिठाईच्या दुकानास शोभेल, पण श्रद्धांजलीच्या फलकावर तो हसेच करील.

'बेळगाव' या नावातील ळ प्रमाण हिंदीत नाही. तो मराठीत आहे आणि कन्नडच्या 'बेळगावी'तही आहे. दोन्ही लिप्यांतील फलकांवर हे एक अक्षर आपापल्या वेषात पण एकाच उच्चाराने उभे असते. ज्या भूमीच्या नावातच असे सामाईक अक्षर आहे, तेथे शेजारच्या लिपीचा आकार डोळे भरून पाहणे म्हणजे स्वत्वाला मुकणे नव्हे. उलट, जो शेजाऱ्याचे अक्षर नीट पाहतो तोच आपल्या अक्षराची मोडतोड ओळखू शकतो.

शिक्षकांना म्हणूनच विनंती एवढीच की, शाळेच्या पुढील समारंभाचा फलक छापावयास देताना मजकुराच्या शुद्धलेखनाबरोबर त्यातील ल ही तपासावा. जागा किती मिळावी हे आपल्या हाती नाही. मिळालेल्या जागेत मराठी अक्षर लिहिणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.