शत्रूची वकिली : एका पुस्तकाच्या निमित्ताने

शत्रूवर प्रेम करा, ही प्रभू येशूची आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु शत्रूवर प्रेम करायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे कोणी विचारले तर आपले उत्तर बहुधा अंतःकरणापाशीच थांबते. मनात अढी ठेवू नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, एवढे आपण सांगतो. त्याने आपल्याविरुद्ध ओकलेले गरळ चारचौघांत बोलून दाखवण्याचा त्याचा हक्क आपण स्वतः उभे राहून राखावा, असे कोणी सुचवले तर आपण त्याला वेड्यात काढू. आर्ये नायर ह्यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेले ‘डिफेंडिंग माय एनिमी’ म्हणजे ‘माझ्या शत्रूचा बचाव’ हे पुस्तक नेमके हेच सुचवते. पुस्तक जुने आहे, पण त्याने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. म्हणून त्याचा परामर्श येथे घेत आहोत.

पुस्तकाचे वजन प्रथम लेखकाच्या आयुष्यातून येते. नायर हे यहुदी. त्यांचा जन्म 1937 साली बर्लिनमध्ये झाला. दोन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर त्यांना नाझी राजवटीतून पळ काढावा लागला. मागे राहिलेल्या आप्तांपैकी अनेकांचा त्या संहारात अंत झाला. पुढे हेच नायर अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ह्या नागरी स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत ही संस्था नाझींच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली. शत्रू हा शब्द त्यांनी शीर्षकात अलंकार म्हणून घातलेला नाही.

प्रकरण थोडक्यात असे. शिकागोजवळ स्कोकी नावाचे एक नगर आहे. त्या वेळी तेथील वस्ती सुमारे 70,000 होती. त्यांत निम्म्याहून अधिक यहुदी होते आणि छळछावण्यांतून जिवंत सुटलेले काही हजार स्त्रीपुरुष त्यांच्यात होते. 1977 साली फ्रँक कॉलिन नावाच्या एका नवनाझी पुढाऱ्याने आपल्या मूठभर अनुयायांसह, गणवेश घालून आणि स्वस्तिकाचे चिन्ह मिरवीत, ह्याच नगरात निदर्शने करण्याचा बेत जाहीर केला. नगरपालिकेने ते रोखण्यासाठी तीन नियम केले. निदर्शकांनी 3,50,000 डॉलरचा विमा उतरवावा, वंशद्वेषी पत्रके वाटू नयेत, लष्करी थाटाचे गणवेश घालू नयेत. युनियनने कॉलिनचे वकीलपत्र घेतले. न्यायालयात उभे राहिलेले डेव्हिड गोल्डबर्गर हेही यहुदीच. हजारो सभासदांनी संतापून संस्था सोडली. शेवटी 1978 साली वरच्या न्यायालयांनी ते नियम रद्द ठरवले. कॉलिन मात्र स्कोकीत कधी आलाच नाही. त्याने आपली सभा शिकागोतच उरकली.

ह्या निर्णयाचे समर्थन करताना नायर दोन मुद्द्यांवर भर देतात. पहिला मुद्दा असा की, नियम माणूस पाहून होत नाही. नाझींना अडवण्यासाठी स्कोकीने जी विम्याची अट घातली, तशाच अटी दक्षिणेकडील गावे कृष्णवर्णीयांच्या मोर्चांना अडवण्यासाठी घालीत असत. आज आपल्या हाती असलेला सोटा उद्या दुसऱ्याच्या हाती जातो. शिकागोचे मार्क्वेट पार्क हे ह्याचे बोलके उदाहरण आहे. 1966 च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी घरांच्या बाबतीतील वर्णभेदाविरुद्ध तेथे मोर्चा नेला, तेव्हा जमावाने भिरकावलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. त्या भागात कॅथलिक वस्ती मोठी होती, हे आपण लक्षात ठेवावे. त्याच उन्हाळ्यातील मोर्चांत चालणाऱ्या धर्मभगिनींवरही दगड पडले, हेही लक्षात ठेवावे. स्थानिक बहुमताला कोणाला बोलू द्यावे हे ठरवण्याची मोकळीक असती, तर किंग ह्यांना तेथे पाऊलही टाकता आले नसते.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. 1920 नंतरच्या दशकात जर्मनीने नाझींना बोलू दिले म्हणून हिटलर सत्तेवर आला, असे आपण सहज म्हणतो. नायर हे मान्य करीत नाहीत. त्या प्रजासत्ताकाने बोलण्यावर बंदी घातली नव्हती असे नाही. 1925 नंतर काही काळ बव्हेरिया व प्रशिया ह्या राज्यांत हिटलरला जाहीर भाषणाची मनाई होती. कमतरता होती ती दुसरीकडे, खून करणाऱ्याला शिक्षा देण्यात. कॅथलिक सेंट्रम पक्षाचे नेते मथियास एर्झबर्गर ह्यांना 1921 साली गोळ्या घालून ठार करण्यात आले. मारेकरी परदेशी निसटले आणि 1933 साली नाझी राजवटीने त्यांना माफी दिली. 1923 चा उठाव करणाऱ्या हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण 1924 संपण्यापूर्वीच तो बाहेर आला. शब्दावर बंदी आणि हातावर मात्र मेहेरबानी, असा तो उलटा न्याय होता. ज्या समाजात स्वातंत्र्यावरील प्रत्येक घाल्याला विरोध होतो, तेथेच आपल्या लोकांचा पुन्हा संहार होण्याची शक्यता सर्वांत कमी, अशी नायर ह्यांची धारणा आहे. तशी ती नसती तर आपण हा बचाव केलाच नसता, अशी प्रांजळ कबुलीही ते देतात.

पुस्तकाचे हे बळ मान्य करून आता त्याच्या उणिवांकडे वळतो.

पहिली उणीव अशी की, शब्दाने होणाऱ्या जखमेला पुस्तकात पुरेशी जागा नाही. तर्क चोख आहे, परंतु ज्या वृद्धेने डोळ्यांदेखत सारे कुटुंब गमावले, तिच्या दारापुढून ते चिन्ह मिरवले जाणार, ह्या कल्पनेने तिला झोप लागत नसेल, तर तिला तर्क काय सांगणार? संत याकोबाने जिभेला आगीची उपमा दिली आहे. शब्द म्हणजे नुसती हवा, असे म्हणणारा मनुष्य स्वातंत्र्याचा मित्र नव्हे, कारण मग ते स्वातंत्र्यही हवेच्याच मोलाचे ठरते. शब्दाला सामर्थ्य आहे म्हणूनच तो दाबण्याचा अधिकार कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न गंभीर होतो.

दुसरी परीक्षा काळाने घेतली. पुस्तकानंतर 15 वर्षांनी, 1994 साली, बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या रवांडा देशात एका रेडिओ केंद्रावरून टुटसी लोकांना झुरळे म्हटले गेले. त्यांची नावे व ठावठिकाणे वाचून दाखवण्यात आले आणि मारेकरी तेथे पोहोचले. ह्यापुढे नायर ह्यांचा युक्तिवाद टिकतो काय? आमच्या मते टिकतो, पण रेषा स्पष्ट आखावी लागते. अमुक घरी अमुक माणूस आहे, जा आणि त्याला संपवा, हे मत नव्हे. ती सुपारी आहे. तिच्यासाठी शिक्षा झालीच पाहिजे, आणि 2003 साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ती दिलीही. शिवाय त्या केंद्रामागे सत्ताधाऱ्यांचे पाठबळ होते आणि विरोधात बोलू शकणाऱ्यांना संहाराच्या पहिल्याच दिवसांत वेचून मारण्यात आले. तेथे सर्वांना बोलायची मोकळीक होती आणि त्यातून अनर्थ झाला, असे म्हणता येत नाही. तरीही द्वेषाचे मत आणि हत्येची आज्ञा ह्यांमधले अंतर काही महिन्यांत कसे सरते, ह्याचा विचार पुस्तकात अपुरा राहिला, ही नोंद करणे भाग आहे.

तिसरी उणीव आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. नायर ह्यांचा पाया उपयुक्ततेचा आहे: स्वातंत्र्य राखले तर आपणच अधिक सुरक्षित. उद्या कोणी दाखवून दिले की, अमुक ठिकाणी बंदीच अधिक सुरक्षित, तर? मग शत्रूच्या हक्काचे काय उरते? येथे ख्रिस्तसभेच्या अनुभवातून आलेला पाया अधिक भक्कम आहे, आणि तो स्वस्तात मिळालेला नाही. शतकानुशतके आपली शिकवण अशी होती की, असत्याला हक्क नसतो. निषिद्ध ग्रंथांची यादी 1559 पासून 1966 पर्यंत चालली ती ह्याच समजुतीवर. अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरू जॉन कोर्टनी मरे ह्यांनी ह्या समजुतीची फेरतपासणी सुरू केली, तेव्हा 1950 नंतरच्या दशकात त्यांना त्या विषयावर लिहिणे थांबवण्यास सांगण्यात आले. पुढे तेच मरे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून गेले आणि 7 डिसेंबर 1965 रोजी संमत झालेल्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेवर त्यांच्या विचारांची छाप पडली.

त्या घोषणेचे मर्म असे: हक्क मताला नसतो, माणसाला असतो. सत्य शोधण्याचे आपले कर्तव्य जो पार पाडीत नाही, त्याचाही हा हक्क नाहीसा होत नाही, कारण त्याची मुळे माणसाच्या प्रतिष्ठेत आहेत, त्याच्या गुणवत्तेत नाहीत. घोषणा धर्मस्वातंत्र्याविषयी आहे, सर्व प्रकारच्या बोलण्याविषयी नव्हे, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादाही ती मानते. परंतु हे तत्त्व एकदा स्वीकारले की, द्वेष्ट्याच्या तोंडावर हात ठेवण्यापूर्वी आपल्याला थांबावेच लागते. त्याचे मत खोटे आहे. तो मात्र खोटा नाही. तो देवाच्या प्रतिमेत घडवलेला मनुष्य आहे.

हा द्वेष्टा नेहमी परका असतो असेही नाही. आर्थर टर्मिनिएलो हे अमेरिकेतील कॅथलिक धर्मगुरू. 1946 साली शिकागोत त्यांनी यहुद्यांविरुद्ध विखारी भाषण केले. बाहेर जमाव खवळला, खिडक्या फुटल्या आणि टर्मिनिएलोंना दंड झाला. 1949 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड रद्द केला. ज्या सूत्राने एका यहुदी वकिलाने नाझीचा बचाव केला, त्याच सूत्राने एका कॅथलिक धर्मगुरूची वाणी वाचली होती. येथे एक फरक ध्यानी घ्यावा. त्यांच्या महागुरूंनी त्यांना आधीच निलंबित केले होते, आणि ते योग्यच होते. आपल्या व्यासपीठावरून कोण बोलेल हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक संस्थेला आहे. व्यासपीठ नाकारणे वेगळे आणि तुरुंगात टाकणे वेगळे.

ह्या चर्चेचा आपल्याशी संबंध काय, असे धर्मग्रामातील वाचक विचारतील. आपल्या देशाचा कायदा अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. धर्मभावना दुखावणाऱ्या हेतुपुरस्सर लिखाणाला व बोलण्याला शिक्षा देणारे 295 अ हे कलम 1927 साली आले. 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत 299 वे कलम म्हणून उभे आहे. 2012 साली मुंबईत विलेपार्ले येथील एका क्रूसावरून पाणी ठिबकू लागले. बुद्धिवादी सनल एडमारुकू ह्यांनी ते गटाराच्या तुंबलेल्या पाण्याचे झिरपणे असल्याचे सांगितले आणि धर्माधिकाऱ्यांवरही टीका केली. तेव्हा आपल्याच काही बांधवांनी ह्याच कलमाखाली त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. ते द्वेष्टे नव्हते, टीकाकार होते. पाणी कोठून आले ह्याचे उत्तर पाहणीने द्यायचे असते, फौजदारी कलमाने नव्हे. आणि अल्पसंख्य समाजाने ह्या सोट्याला हात लावताना तो कोणाच्या हाती अधिक काळ राहणार आहे, ह्याचा विचार दोनदा करावा.

ह्याच्या उलट एक उदाहरण आपल्याजवळ आहे. 2019 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. धर्मगुरूने त्या आसनावर बसूच नये, असे म्हणणारे निघाले. त्यांना ते म्हणता आले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला फादर बोलले आणि महाराष्ट्राने ते ऐकले. त्या आक्षेपाला त्याहून नेमके उत्तर कोणते असू शकते?

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील निदणाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. नोकर निदण उपटायला निघतात आणि शेतधनी त्यांना कापणीपर्यंत थांबवतो. निदण चांगले आहे असे तो म्हणत नाही. तुमच्या हातून गहूही उपटला जाईल, एवढीच त्याची भीती आहे. मात्र ह्या दाखल्यातून आळशाने आपल्यापुरती सूट काढू नये. निदण राहू दिले म्हणून गव्हाला पाणी घालणे थांबत नाही. द्वेषाला कायद्याने गप्प करायचे नसेल, तर त्याला उत्तर देण्याचे काम आपल्याकडे येते. शेजाऱ्याविषयी खोटे बोलले जात असताना जो गप्प बसतो, त्याने स्वातंत्र्य राखले असे म्हणता येणार नाही.

स्कोकीच्या लोकांना हे उमगले. मोर्चाच्या धास्तीने जे वृद्ध जागे झाले, ते तोवर आपल्या मुलांपाशीही त्या छावण्यांविषयी बोलत नसत. आता ते बोलू लागले. 1981 साली त्यांनी संस्था काढली आणि एका दुकानवजा जागेत आपल्या आठवणी मांडल्या. त्यांच्या प्रयत्नांना जोड मिळून 1990 साली इलिनॉय राज्याने शाळांतून त्या संहाराचे शिक्षण सक्तीचे केले आणि 2009 साली स्कोकीतच मोठे संग्रहालय उघडले. कॉलिन जेथे येणार होता आणि आला नाही, त्याच नगरात आज मुले येतात आणि ऐकतात.