नऊ टक्क्यांचा मासा

बॉस्टनच्या रेड लाइनवर वोलॅस्टन नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरून थोडं चाललं की क्विन्सी बेचा किनारा लागतो. मे महिन्यात भल्या पहाटे, ओहोटी सुरू असताना गेलात तर तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं दिसतील. छातीपर्यंत रबरी पँट, पोटाला बांधलेली प्लॅस्टिकची टोपली, हातात नऊ फुटी रॉड. जाडसर दोर हवेत मागे-पुढे झुलत असतो आणि टोकाला केस-पिसांची बांधलेली खोटी मासोळी. मागे शहराच्या उंच इमारती, डोक्यावरून लोगन विमानतळाकडे उतरणारी विमानं. ही मंडळी स्ट्राइप्ड बास धरतात आणि जवळजवळ सगळे परत सोडून देतात.

आधीच सांगते, मी माशांवर पीएचडी करत नाही. माझा विषय संख्याशास्त्र. जे मोजता आलं नाही त्याचा अंदाज, जे मोजलं त्यावरून किती धीटपणे करावा, एवढाच माझा पाच वर्षांचा उद्योग. पण तीन वर्षांपूर्वी लॅबमधल्या एका मित्राने माझ्या हातात रॉड दिला आणि तेव्हापासून मीही त्या पाण्यात उभी असते. त्यामुळे आज ज्या शोधनिबंधाबद्दल लिहिणार आहे, त्याच्याकडे मी दोन्ही बाजूंनी बघते. निबंधाबद्दल म्हणण्यापेक्षा त्यातल्या एका आकड्याबद्दल. तो आकडा म्हणजे 9 टक्के.

झालं असं की पहिल्या वर्षी जुलैत मला हातभर लांबीचा एक बास लागला. मी त्याला घाबरत घाबरत, फार वेळ खेळवून किनाऱ्याला आणला. गळ काढायला वेळ लागला. मग फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून अजून एक. पाण्यात सोडला तर तो कुशीवर वळला, कल्ले हलवत राहिला आणि तसाच ओहोटीबरोबर वाहत गेला. मित्र म्हणाला, ‘होतं असं. नऊ टक्के जातात.’ रात्री अलिबागला आत्याशी बोलताना मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, पण खायचा नव्हता तर धरलास कशाला?’ मला उत्तर सुचलं नाही. मित्राचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. नऊ टक्के कुणी मोजले? कसे मोजले? आणि माझा मासा त्या नऊमध्ये होता की एक्याण्णवमध्ये, हे मला कुठे माहीत होतं?

आकड्याचा उगम सापडायला अवघड नाही. 1996 साली पॉल डायोडाटी आणि अ‍ॅन रिचर्ड्स यांचा निबंध अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या नियतकालिकात आला. प्रयोग झाला सेलमला, म्हणजे बॉस्टनहून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर. खाऱ्या पाण्याचं, सुमारे दोन हेक्टरांचं एक बंदिस्त तळं. त्यात बास सोडले, गळाने धरले, परत सोडले आणि 58 दिवस लक्ष ठेवलं. गळ लागल्यामुळे किती मेले? सरासरीने 9 टक्के.

हा प्रयोग चांगला आहे, हे मला आधी म्हणायचंय. सोडलेला मासा पुढे काय करतो हे समुद्रात कळत नाही. तो दिसेनासा होतो आणि आपण तो जगला असं धरून चालतो. तळ्यात तसं करता येत नाही; मेलेला मासा हिशेबात येतोच. शिवाय हे संशोधक नुसत्या सरासरीवर थांबले नाहीत. कुठल्या गोष्टींनी मरण्याची शक्यता वाढते तेही त्यांनी तपासलं. गळ तोंडात किती खोल गेला, नेमका कुठे रुतला, एकेरी होता की तीन टोकांचा, आणि धरणारा माणूस सरावलेला होता की नवखा. यातलं सगळं अनुकूल असेल तर अंदाज 3 टक्क्यांपर्यंत खाली येतो आणि सगळं प्रतिकूल असेल तर 26 टक्क्यांपर्यंत चढतो.

म्हणजे निबंध खरं तर असं सांगतो की एक ठरलेला आकडा नाहीच. परिस्थितीनुसार तो आठ-नऊ पटींनी बदलतो. पण निबंधातून बाहेर पडताना हे सगळं मागे राहिलं आणि सोबत आले फक्त 9. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा जो सामाईक मत्स्य आयोग आहे, त्याच्या हिशेबात सोडलेल्या प्रत्येक बासला हाच दर लावला गेला. मेनच्या थंड पाण्यातला मासा असो की चेसापीक उपसागराच्या कोमट, मचूळ पाण्यातला. एकेरी गळाने ओठात अडकलेला असो की आमिषासकट गळ गिळलेला. सगळ्यांना नऊ.

आयोगाची बाजूही समजून घ्या. त्यांना किनाऱ्यावरच्या सगळ्या राज्यांचा मिळून एक आकडा हवा असतो. एका राज्यात चार टक्के आणि शेजारच्यात तेरा म्हटलं तर प्रत्येक राज्य आपला दर कमी करून घ्यायला बसेल. एकच दर वापरणं हा सोयीचा आणि काही प्रमाणात शहाणपणाचा निर्णय आहे. माझी तक्रार तो दर वापरण्याबद्दल नाही. तक्रार अशी आहे की वापरून वापरून तो निरीक्षणासारखा वाटायला लागला. लोक तो समुद्रात मोजल्यासारखा बोलतात.

आता हिशेब बघू. 2017 सालासाठी आयोगाने दिलेले आकडे असे: मेलेल्या एकूण बासपैकी 48 टक्के हौशी लोकांनी ‘सोडून दिलेले’, 42 टक्के हौशी लोकांनी घरी नेलेले, आणि धंदेवाईक मासेमारीचा वाटा, त्यांनी फेकून दिलेले धरूनही, 10 टक्के. सोडून मेलेल्यांची संख्या सुमारे 34 लाख. ही 34 लाख मढी कुणीही मोजलेली नाहीत बरं का. सुमारे 3 कोटी 80 लाख मासे सोडले असा अंदाज, त्याला 9 टक्क्यांनी गुणलं, की हे उत्तर येतं.

त्या गुणाकारातला 9 थोडा हलवून बघा. 5 घेतला तर सोडून मेलेल्यांचा वाटा 48 वरून 34 टक्क्यांवर येतो. 12 घेतला तर 55 वर जातो. म्हणजे ‘सोडणारे जास्त मारतात की नेणारे’ या भांडणाचा निकाल तीन-चार टक्क्यांच्या फरकाने फिरतो. साठ्याची एकूण तब्येत मात्र एवढ्या सहज फिरत नाही, कारण दर बदलला की मॉडेलमध्ये पूर्वी समुद्रात किती मासे होते याचा अंदाजही सोबत सरकतो. हा भेद बऱ्याच लेखांत हरवतो. 9 टक्के डळमळीत आहेत म्हणून ‘साठा घटलाय’ हे विधानही डळमळीत, असं होत नाही. 2017 मध्ये अंडी घालणाऱ्या माद्यांचं एकूण वजन सुमारे 68 हजार टन भरलं आणि किमान हवं होतं 91 हजार. एवढी मोठी दरी एका दराच्या घोळाने बुजत नाही.

गुणाकारातली दुसरी संख्या तर त्याहून नाजूक. 3 कोटी 80 लाख मासे सोडले हे कुणी सांगितलं? ज्यांनी सोडले त्यांनीच. किनाऱ्यावर, धक्क्यावर सर्वेक्षक उभा असतो. घरी नेलेला मासा तो डोळ्यांनी बघतो, मोजतो. सोडलेल्याबद्दल विचारतो आणि जे सांगाल ते लिहून घेतो. मासे धरणाऱ्यांची स्मरणशक्ती कशी असते हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. वर, किती लोक किती वेळा मासे धरायला गेले याचा अंदाज पोस्टाने पाठवलेल्या प्रश्नावलीवरून. त्या प्रश्नावलीतल्या प्रश्नांच्या क्रमामुळे फेऱ्यांची संख्या फुगत असावी, कदाचित 30-40 टक्क्यांनी, असं खुद्द सरकारी संस्थेनेच 2023 मध्ये एका प्राथमिक अभ्यासानंतर जाहीर केलं.

आता माझ्या बिरादरीकडे येते. फ्लायवाल्यांना हा निबंध फार आवडतो, कारण त्यातला 3 टक्के हा आकडा त्यांना आपला वाटतो. एकेरी गळ, उलटा काटा पक्कडीने चेपलेला, हातात सराव, मासा बहुधा ओठाच्या कोपऱ्यात अडकलेला. ‘नऊ टक्के ते आमिषवाल्यांचे, आपले तीन,’ हे वाक्य मी कॅसल आयलंडच्या धक्क्याकडे बोट दाखवून बोललेलं ऐकलंय. त्या धक्क्यावर रॉड टेकवून, शेजारी बर्फाची पेटी ठेवून कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली असतात. त्यांना मासा खायचा असतो. मापात बसणारा एक मिळाला की ते घरी जातात, कारण नियमाने माणशी एकच नेता येतो.

या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली साधी. निबंधात फरक पाडणाऱ्या घटकांची यादी मी वर दिली. त्यात फ्लाय विरुद्ध बाकीचे असा घटक नाही. एकेरी गळाचं श्रेय फ्लायला मिळेल, पण नवखेपणाचा दंडही मिळेल, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी-जणे दरवर्षी नव्याने पाण्यात उतरतात. हलक्या रॉडवर मासा खेळवण्यात जास्त वेळ गेला आणि पाणी गरम असलं तर काय, याचं उत्तर सेलमच्या तळ्यातून मिळत नाही. गरम पाणी आणि कमी क्षारता घातक ठरते हे चेसापीकच्या अभ्यासांतून कळलंय. मेरीलँडने म्हणूनच ऐन उन्हाळ्यात काही दिवस या माशासाठी बंदी घातली.

दुसरी चूक मोठी. दर आणि संख्या यांची गल्लत. धक्क्यावरच्या माणसाने एक मासा धरला, घरी नेला, थांबला. मेलेले मासे: एक. त्याच रात्री माझ्या मित्राने भरतीच्या तोंडावर चाळीस धरले आणि चाळीसही सोडले. 9 टक्के दराने मेलेले 3.6. त्याचा लाडका 3 टक्के दर लावला तरी 1.2. म्हणजे सगळ्यात कनवाळू हिशेबातही तो धक्क्यावरच्या माणसाच्या पुढेच आहे, आणि ताटात काही नाही ते वेगळंच. धक्क्यावरच्यालाही आधी दहा अपुऱ्या मापाचे सोडावे लागले असतील, तेही धरायला हवेत, हे कबूल. पण ‘आम्ही मारत नाही’ हे वाक्य टिकत नाही.

उलट दिशेची टीकाही मला तितकीच कच्ची वाटते. ‘निम्मे मासे सोडण्यामुळे मरतात, म्हणजे सोडणं हाच गुन्हा’ असं लिहिणारे 48 टक्क्यांकडे बोट दाखवतात. पण वाटा हा वाटा असतो. समजा 100 मासे मेले: 48 सोडून, 42 नेऊन, 10 धंद्यात. उद्या हौशी लोकांना मासा नेण्यावर पूर्ण बंदी आली आणि ते पूर्वीसारखेच धरत राहिले. ते 42 आता सोडले जातील, त्यातले 9 टक्क्यांनी जवळपास चार मरतील. एकूण मेलेले 62. सोडून मेलेल्यांचा वाटा 48 वरून 84 टक्के. वाटा भयानक वाढला आणि मासे 38 वाचले! 2020 नंतर 28 ते 35 इंच आणि 2023 पासून 28 ते 31 इंच एवढ्याच मापाचा मासा नेण्याची मुभा आहे, म्हणजे जास्तीत जास्त मासे सोडणं भागच. त्या वाढत्या वाट्याला नुसतं पाप म्हणणं म्हणजे स्वतःच केलेल्या नियमाला नावं ठेवणं.

मग या सगळ्यात 1996 च्या निबंधाचं काय? मला तो पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागलाय. वाचकांनी त्याची सरासरी उचलली आणि त्यातला सगळ्यात उपयोगी भाग, म्हणजे कशाने फरक पडतो ही यादी, ती तिथेच टाकून दिली, अगदी अलीकडेपर्यंत. 2021 पासून आमिष लावून मासे धरताना टोक आत वळलेला गोल गळ सक्तीचा झाला. गळ खोल जाऊ नये हा हेतू. म्हणजे यादीतला एक घटक नियमात यायला पंचवीस वर्षं लागली. आणि तोही धक्क्यावरच्या लोकांसाठीच. आम्ही किती तास धरत बसतो, किती गरम पाण्यात, फोटोसाठी मासा किती वेळ वर ठेवतो, याबद्दल सक्ती म्हणावी असं फारसं काही नाही. नियम करणाऱ्यांच्या बैठकीत कुणाचा आवाज मोठा असतो, यावर एक वेगळी पोस्ट होईल.

मला स्वतःला हवाय तो आकडा असा: एका माणसाच्या एका फेरीमागे किती मासे मरतात, नेलेले आणि सोडलेले मिळून. दर माशामागे नाही, दर फेरीमागे. त्यासाठी सोडलेल्या माशांच्या नोंदी त्याच दिवशी व्हायला हव्यात, आठवणीतून नाही. मी गेल्या हंगामापासून एक वही ठेवलीय. तारीख, पाण्याचं तापमान, धरलेले, गळ कुठे रुतला, हवेत किती सेकंद. 21 फेऱ्या, 64 मासे. त्यातले दोन माझ्या डोळ्यांदेखत कुशीवर गेले, दोन्ही ऑगस्टमधले. एवढ्या नमुन्यावरून मी काहीही सिद्ध करू शकत नाही, आणि बाकीच्या 62 चं काय झालं ते मला दिसलेलं नाही. पण या वर्षी ऑगस्टमध्ये रॉड कपाटात राहिला, आणि मे-जूनमध्ये पाच झाले की मी दोर गुंडाळून वोलॅस्टनची ट्रेन पकडते. मित्राला हे भाबडं वाटतं. आत्याला अजूनही पाचही कशाला हे कळत नाही.