पगार आणि इमान : सभासदाची बखर वाचताना

इथे तानसा तलावाच्या काठी उभं राहिलं की माहुलीचा किल्ला दिसतो. 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मुघलांकडे गेला, 1670 मध्ये परत आला. असे गड राखणाऱ्यांचं इमान कशावर टिकायचं? कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सांगते की शिवाजी महाराज शिपायाला गाव तोडून देत नसत. वेतन सरकारातून रोख देत.

आता बखर लिहिली कुठे, ते पाहा. जिंजीत, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मुघलांचा वेढा, खजिना रिता. औरंगजेब वतनांची लालूच दाखवून सरदार फोडतोय, म्हणून राजारामांनाही वतनं कबूल करावी लागताहेत, अजून न सुटलेल्या मुलखाचीसुद्धा.

म्हणून वेतनाचा तो मजकूर आम्हाला नुसती स्तुती वाटत नाही, मुलाला दिलेला इशारा वाटतो. धास्तीपोटी वाढवलेला मोबदला म्हणजे लिलावातली बोली; उद्या दुसरा कुणी जास्त बोलेल. वेळच्या वेळी मिळणारं वेतन ही बोली नसते.

पण भरल्या खजिन्याची रीत रित्या खजिन्याने कशी पाळायची, हे सभासद सांगत नाही. वतनांनी राज्य तगलं, हेही खरं. पुढे मात्र सरदार आपापल्या मुलखाचे धनी झाले.