कुलवृत्तांतात गिरणी कामगार का बसत नाही?

दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर गोल्डमोहर मिल आहे. घराण्याचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर मराठी पुस्तकांच्या जगात त्यासाठी एक तयार साचा मिळतो, तो म्हणजे कुलवृत्तांत. गिरणीत राबलेल्या आजोबांचा इतिहास त्यात घालायला गेलं की पहिल्याच पानावर अडतं.

कुलवृत्तांताची रचना ठरलेली असते. मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मग शाखा आणि पिढ्या. यातली बरीच पुस्तकं कोकणातून आलेल्या ब्राह्मण घराण्यांची आहेत आणि त्यांमागची मेहनत खरोखर मोठी आहे. पण हा साचा काही गोष्टी धरून चालतो. आडनाव टिकलेलं असावं, कागद जपलेले असावेत आणि वंश म्हणजे रक्ताचा वंश.

आता गिरणगावाकडे या. मुंबईचा सगळ्यात प्रसिद्ध गिरणी कामगार आपल्याला ‘बाबू गेनू’ म्हणून माहीत आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली त्याला मरण आलं. गेनू हे त्याच्या वडिलांचं नाव. सैद हे आडनाव किती जणांना ठाऊक असतं? हुतात्म्याची ही गत, तर साध्या साचेवाल्याचं काय?

दुसरं उदाहरण नारायण सुर्व्यांचं. गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्याने टाकून दिलेलं एक मूल उचललं, वाढवलं, त्याला आपलं नाव दिलं. पुढे हा मुलगा ‘माझे विद्यापीठ’चा कवी झाला. कुलवृत्तांताच्या हिशेबाने सुर्व्यांना मूळ पुरुषच नाही. गिरणगावाच्या हिशेबाने त्यांचा वंश अगदी स्पष्ट आहे : ज्यांनी घरात घेतलं, ते घराणं.

मग या माणसांचा इतिहास नोंदवला कुणी? विचित्र वाटेल, पण सध्या हे काम म्हाडाचा अर्ज करतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांना पुरावे शोधावे लागतात. तिकीट नंबर, हजेरीपत्र, पगारपावती, ईएसआयसी क्रमांक, फंडाचे कागद. त्यासाठी ट्रंका उघडल्या गेल्या, गावाला फोन गेले. जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरी आणि आजच्या दाखल्यावर सिंधुदुर्ग, कारण १९८१मध्ये जिल्हा वेगळा झाला. अनेक घरांत आजोबांच्या आयुष्याची ही पहिलीच नीट जुळणी असेल. पण अर्जाला कळीची तारीख एकच : १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस पटावर होता का? त्याच महिन्याच्या १८ तारखेला संप सुरू झाला. त्याआधीच ज्याचं नाव पटावरून गेलं, त्याने वीस वर्षं साचा चालवला असला तरी या यादीत त्याला जागा नाही.

या दोन्ही साच्यांना उत्तर देणारं पुस्तक आपल्याकडे आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभरावर माणसांना बोलतं केलं. २००४मध्ये ते इंग्रजीत आलं आणि मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ झालं. त्याचं मोठं बळ म्हणजे लाल बावटेवाला आणि शिवसैनिक एकाच पुस्तकात बोलतात आणि लेखिका त्यांच्यात तडजोड घडवत नाहीत. तरी माझी एक तक्रार आहे. पुस्तकाची मांडणी चळवळीच्या अंगाने जाते. माणूस संपाबद्दल, युनियनबद्दल, शाहिरांबद्दल बोलतो आणि प्रकरण पुढे सरकतं. त्याच्या घराचं पुढे काय झालं, हा धागा सुटतो.

तो धागा जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९९७मध्ये उचलला. आई, तीन मुलगे, एक मुलगी, एक खोली. संपानंतर घर कसं फुटतं ते हे नाटक निर्दयपणे दाखवतं. मात्र त्याची नजर उद्ध्वस्त झालेल्या वर्तमानावर आहे. हे घर मुळात कसं उभं राहिलं, तो त्याचा विषय नाही.

म्हणजे मधली जागा रिकामी आहे. ती भरायची तर वंशवृक्षाचं चित्र बदलावं लागेल. मुंबईत उतरलेला माणूस आधी गावकीच्या खोलीवर जायचा. पाळीप्रमाणे तिथली झोपायची जागा वाटलेली असायची, एक उठला की दुसरा आडवा. जेवण खानावळवालीकडे. या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कित्येक कामगारांना वर्षानुवर्षं जेवू घालणारी ही बाई त्यांच्या कुठल्याच वंशावळीत येत नाही. ज्याने गिरणीत चिकटवलं तो गाववाला, खोलीतला जोडीदार, खानावळवाली मावशी यांच्याशिवाय गिरणगावातलं कुठलंही घराणं पूर्ण होत नाही.

त्या पिढीतले फार थोडे लोक आता उरलेत. घरात कुणी असेल, तर फोनमधला रेकॉर्डर चालू करा. ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न नंतरही विचारता येईल. आधी विचारा, ‘मुंबईत आलात तेव्हा कुणाच्या खोलीवर उतरलात?’