राहिलेला भाऊ आणि गेलेला भाऊ

भावाभावांच्या वैराला साहित्यात तोटा नाही. माणसाच्या हातून झालेला पहिला खून भावाने भावाचा केला, हे आपण मदरशात आणि घरात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुरआनाच्या सूरह माइदामध्ये हजरत आदम (अलै.) यांच्या दोन मुलांची हकिकत येते. हाबील आणि काबील ही नावे तिथे नाहीत, ती नंतरच्या परंपरेने दिली आहेत. दोघांनी कुरबानी केली, एकाची कबूल झाली, दुसऱ्याची झाली नाही, आणि ज्याची झाली नाही त्याने भावाला ठार केले. मग अल्लाहने एक कावळा पाठवला. तो जमीन उकरू लागला, तेव्हा कुठे भावाचे प्रेत झाकायचे कसे हे त्या माणसाला समजले. खून करायला कोणी शिकवावे लागले नाही, पण खुनानंतर काय करायचे हे मात्र पाखराकडून शिकावे लागले.

हे भांडण चटकन पेटले आणि चटकन संपले. आम्हांला या लेखात विचार करायचा आहे तो दुसऱ्या जातीच्या भांडणाचा. हे भांडण वीस-तीस वर्षे मुरत राहते. दोन्ही भाऊ तोपर्यंत बालबच्चेवाले, केस पिकलेले झालेले असतात. ईदगाहवर नमाज झाल्यावर ते एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि घरी येऊन पुन्हा वर्षभर बोलत नाहीत. आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, ही हदीस दोघांनाही तोंडपाठ असते. मग एके दिवशी एखाद्या मय्यतीच्या निमित्ताने, एखाद्या झाडाच्या फांदीवरून किंवा पाण्याच्या नळावरून सगळे उफाळून येते आणि शेजाऱ्यांना मध्ये पडावे लागते. लोक म्हणतात, नळावरून भांडले. वास्तविक नळ हे फक्त निमित्त असते.

या जातीच्या भांडणाची सर्वांत खोल कथा आपल्याच घरात आहे. सूरह यूसुफला खुद्द कुरआनाने उत्तम कथा म्हटले आहे. वाझमध्ये ती सांगितली जाते तेव्हा भर असतो तो यूसुफ (अलै.) यांच्या सब्रवर, जुलेखाच्या मोहावर आणि मिसरच्या वैभवावर. भावांकडे लक्ष कमी जाते. ते दुष्ट होते, एवढे म्हणून आपण पुढे सरकतो. परंतु कथा नीट वाचली तर असे दिसते की, तिच्या सुरुवातीलाच भावांची एक तक्रार येते. आम्ही इतके जण, कर्तेसवरते, आणि वडिलांना मात्र यूसुफ आणि त्याचा सख्खा भाऊ जास्त प्यारा, ही ती तक्रार. म्हणजे जमीन आणि गुरेढोरे यांची वाटणी होण्याआधी मायेची वाटणी झालेली असते. निदान ती झाली असे कुणाला तरी वाटलेले असते. पुढचे सगळे त्यातून आले.

याच कथेतला दुसरा प्रसंग आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो. वर्षे उलटली आहेत. दुष्काळ पडला आहे. भाऊ धान्यासाठी मिसरला आले आहेत. समोर बसलेला अधिकारी आपला भाऊ आहे, हे त्यांना ठाऊक नाही. धाकट्या भावाच्या गोणीत शाही पेला सापडतो. त्या क्षणी ते काय बोलतात? याने चोरी केली असेल तर नवल नाही, याच्या भावानेही पूर्वी चोरी केली होती, असे ते बोलून जातात. कोणी विचारले नव्हते. ज्याला विहिरीत टाकले, ज्याच्या मरणाची खोटी खबर बापाला दिली, त्याच्यावर इतक्या वर्षांनी, परक्या देशात, परक्या माणसासमोर पुन्हा आळ घेतला जातो. जुना डंख म्हातारा होत नाही, तो फक्त संधीची वाट पाहतो, हे याहून नेमके कुठे दाखवलेले आम्ही वाचले नाही. यूसुफ (अलै.) यांनी ते ऐकले आणि मनातच ठेवले.

पुढे माफी येते. आज तुमच्यावर काही दोष नाही, अशा अर्थाचे ते उद्गार सर्वांना माहीत आहेत. मक्का जिंकल्यावर, हिजरी ८ मध्ये, पैगंबर मुहम्मद (स.) यांनी कुरैशांना हीच आठवण देऊन माफ केले, असे सीरतच्या ग्रंथांत सांगितले जाते. पण या माफीच्या अगोदरची आयत आपल्याकडे घाईने वाचली जाते. तिच्यात भाऊ कबुली देतात. आम्ही चुकलो, असे ते स्पष्ट शब्दांत म्हणतात. आधी कबुली, मग माफी, असा हा क्रम आहे. जमातीतले बुजुर्ग जेव्हा दोन भावांना बसवून ‘झाले गेले विसरून जा’ म्हणतात, तेव्हा ते हा क्रम मोडतात. कबुलीवाचून माफी मागितली की ती माफी राहत नाही. ती तोंड बंद करण्याची सक्ती होते, आणि सक्तीने बंद केलेले तोंड पुढच्या मय्यतीला उघडते.

आधुनिक मराठीत या विषयाचा ठसठशीत नमुना म्हणून महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाकडे पाहावे लागते. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा हा वाडा. तात्याजी वारले आहेत. थोरला भास्कर गावीच राहिलेला, मधला सुधीर मुंबईला गेलेला, धाकटा चंदू घरात राबणारा. घर ब्राह्मणांचे, चालीरीती त्यांच्या. आमच्या घरात तेरावा नसतो. पण मुंबईचा भाऊ मय्यतीला आल्यावर दोन दिवसांत घराची हवा कशी बदलते, खर्च कोणी करायचा हा प्रश्न कोणाच्या जिभेवर आधी येतो, सोने कोणाच्या ताब्यात आहे याकडे डोळे कसे वळतात, हे वाचताना मुसलमान वाचकाला काहीही परके वाटत नाही. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरच्या जागी बंद पडलेली भाताची गिरणी किंवा किनाऱ्याला ओढून ठेवलेली होडी घाला, नाटक तेच राहते.

एलकुंचवारांनी भास्करला खलनायक केले नाही, सुधीरलाही केले नाही. भास्करच्या मनात असते की, मी इथे राहून घराण्याचा डोलारा सांभाळला, हा नोकरीच्या बहाण्याने सुटला. सुधीरच्या मनात असते की, मी मुंबईत दोन खोल्यांत दिवस काढतो आणि हा वाड्याचा मालक होऊन बसला. दोघांच्या हिशेबात तथ्य आहे. दोघांचेही हिशेब अपुरे आहेत, कारण प्रत्येकाच्या वहीत फक्त स्वतःचा खर्च लिहिलेला आहे. आणि भांडण हातघाईवर न येताच नाटक संपते. घाव भलतीकडेच बसतो. भास्करची मुलगी रंजू दागिने घेऊन मास्तराबरोबर निघून जाते. ज्या सोन्यावरून भावांच्या नजरा एकमेकांना टोचत होत्या, ते कोणाचेच राहत नाही.

या नाटकापाशी अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचे ‘द प्राइस’ (१९६८) ठेवून पाहिले तर विषय जास्त उजळतो. न्यूयॉर्कमधले पाडायला निघालेले घर, माळ्यावर बापाचे जुने फर्निचर, आणि सोळा वर्षे एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ. १९२९ च्या मंदीत बाप बुडाला. व्हिक्टर बापाजवळ राहिला, शिक्षण सोडले, पोलीस शिपाई झाला. वॉल्टर निघून गेला आणि नामवंत सर्जन झाला. फर्निचरची किंमत ठरवायला एक म्हातारा व्यापारी येतो आणि पाहता पाहता आयुष्याची किंमत ठरू लागते. मग वॉल्टर सांगतो की, बाप कफल्लक नव्हताच, त्याच्यापाशी सुमारे चार हजार डॉलर होते. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, व्हिक्टरलाही आतून याची शंका होती. म्हणजे त्याचा त्याग त्याने स्वतः निवडला होता, आणि त्या त्यागावरच त्याने भावाविरुद्धचा सगळा राग उभा केला होता. शेवटी वॉल्टर आईचा जुना झगा भावाच्या अंगावर फेकतो. बस, एवढीच हाणामारी. पण ती तलवारीच्या वाराहून कमी नाही.

मिलरने इथे एक अवघड गोष्ट दाखवली आहे. मागे राहिलेल्या भावाला त्याच्या रागाची गरज असते. राग गेला तर उमेदीची वर्षे का गेली, याचे उत्तर उरत नाही. म्हणूनच अशा भावांना समेट घडवायला आलेला माणूस शत्रू वाटतो.

हिंदी सिनेमानेही ही जोडी वापरली. दिलीपकुमार आणि त्यांचे सख्खे भाऊ नासिर खान यांचा ‘गंगा जमुना’ (१९६१) आणि सलीम-जावेद यांनी लिहिलेला ‘दीवार’ (१९७५), दोन्हींत एक भाऊ राबतो म्हणून दुसरा शिकतो. शिकलेला पोलीस होतो आणि राबलेल्याला गोळी घालतो. खरा प्रश्न होता तो ऋणाचा: ज्याच्या घामावर मी शिकलो त्याचे मी काय देणे लागतो? सिनेमाने एका भावाला वर्दी चढवली आणि हा प्रश्न कायद्याकडे सोपवून दिला. आईला मध्ये उभे केले आणि प्रेक्षकांना रडवले. सिनेमा म्हणून त्यात ताकद आहे. पण आमच्या घरांत कोणी वर्दी घालून येत नाही. तिथे दोन्ही भाऊ गुन्हेगार नसतात, आणि दोघेही निर्दोष नसतात.

आता आमच्या घरांकडे येऊ. कोकणातल्या मुसलमान घरांत ‘राहिलेला’ आणि ‘गेलेला’ ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आधी जहाजावर, मुंबईच्या गोदीत, आणि १९७० नंतरच्या दशकांत आखाती देशांत माणसे गेली. एका भावाने कुवेत-दुबईहून पैसे पाठवले, दुसऱ्याने आईबापाची आजारपणे काढली, बागायत सांभाळली, सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवल्या. पहिला म्हणतो, घर माझ्या पैशाने उभे राहिले. दुसरा म्हणतो, घरातली माणसे माझ्या हातांवर गेली. पैशाची पावती असते, सेवेची नसते. या भांडणाचे मूळ तिथे आहे. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात दुबईऐवजी पुणे-मुंबई येते आणि बागायतीऐवजी कोरडवाहू येते, पण वही तीच असते.

यापुढची गोष्ट बोलायला आम्हांला जड जाते, तरी बोलले पाहिजे. डोकी फुटेपर्यंत भांडणारे भाऊ एका बाबतीत बहुधा एकमताचे असतात. बहिणीने हिस्सा मागू नये, हे ते एकमत. सूरह निसाने मुलीचा हिस्सा नावानिशी ठरवून दिला आहे, आईचा आणि बायकोचाही दिला आहे. व्यवहारात मात्र बहिणीची सही हक्कसोडपत्रावर घेतली जाते, आणि तिने ती ‘खुशीने’ दिली असे सांगितले जाते. माहेरचा दरवाजा बंद होईल या भीतीला खुशी म्हणत नाहीत. १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती, हे कारण पुढे करणारेही आहेत. पण कायद्याने न सांगितलेले काम ईमानाने करायला कोणाची मनाई आहे? ‘वाडा चिरेबंदी’तली प्रभा आठवावी. शिकायची इच्छा असलेली ही मुलगी घरात कुजत राहते. भावांच्या हिशेबात ती कुठेच नाही. नाटक पाहून हळहळणारे आपण, आपल्या घरातल्या प्रभाला काय नावाने हाक मारतो?

आमच्या साहित्याने हा विषय पुरेसा हाताळला आहे, असे आम्हांला वाटत नाही. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ने (१९६५) कोकणातल्या गावाला आणि घराला एकाच वेळी आरशासमोर धरले, आणि तेही गावाबाहेर गेलेल्या, परतून आलेल्या माणसाच्या नजरेने. ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आमच्या कथा-कवितेने दंगल, संशय, भाषा आणि ओळख यांविषयी लिहिले. १९९२-९३ नंतर ते लिहिणे भागच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण घराबाहेरच्या आगीचे वर्णन करताना घरातला निखारा राखेखाली तसाच राहिला. घरातले बोललो तर बाहेरच्याच्या हातात काठी जाईल, ही त्यामागची भीती आम्ही समजू शकतो. तरीही भीती हे लेखनाचे धोरण होऊ शकत नाही. ज्या समाजाचे लेखक स्वतःच्या घरातला झगडा लिहीत नाहीत, त्यांचा झगडा दुसरे लिहितात आणि त्यात माणसे राहत नाहीत, नमुने राहतात.

असे लेखन करणाऱ्या तरुण मित्रांना आम्ही एवढेच सुचवू. कोणता भाऊ बरोबर, हे ठरवायला बसू नका. दोघांच्या वह्या उघडा आणि दोन्हींत जे लिहिलेले नाही ते शोधा. मायेची वाटणी कधी, कोणत्या दिवशी चुकली तिथवर मागे जा. कबुली न देता झालेला समेट गोड करून दाखवू नका. आणि भांडणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड जी बहीण उभी आहे, तिला बाहेर आणून बोलायला लावा. तिचे बोलणे दोन्ही भावांना आवडणार नाही. वाचकांपैकीही बऱ्याच जणांना आवडणार नाही. तरी ते छापून आले पाहिजे.